ऑडिट शिकताय? सांगली-साताऱ्यातली पोरं-पोरी कायम विचारतात ते प्रश्न

निकाल लागले की दरवर्षी तेच प्रश्न येतात, फोनवर येतात, क्लासच्या दारात येतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणाचा तरी मामा पण विचारतो की पोरीला ऑडिटमध्ये घालू का. म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. बी.कॉम., एम.कॉम., सीए, जीडीसीए (सहकार खात्याची पदविका) यातलं काहीही करत असाल तरी वाचा, काही उत्तरं लांब झालीत कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

ऑडिट म्हणजे नुसतं टिका मारायचंच काम ना?

असं वाटतंय कारण पहिल्या दिवशी ऑफिसात तेच हातात देतात, व्हाउचरचा गठ्ठा आणि हिरवं पेन. पण जरा मागं जाऊन बघा. संस्थेनं ताळेबंद मांडला. तो वाचून सभासद, ठेवीदार, कर्ज देणारी बँक हे सगळे निर्णय घेणार, आणि यातला एकही माणूस दप्तर तपासायला येऊ शकत नाही. म्हणून त्यांच्या वतीनं बाहेरचा एक माणूस जातो, पुरावा बघतो आणि मत देतो.

पुरावा हा शब्द डोक्यात घट्ट बसवा, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतंय. खतावणीत लिहिलंय की जिल्हा बँकेत 12 लाखाची ठेव आहे. कशावरून? मॅनेजर म्हणाला म्हणून, हा एक पुरावा झाला, अगदी कच्चा. पावतीची झेरॉक्स दाखवली, जरा बरा. मूळ पावती हातात घेतली, अजून बरा. बँकेनं थेट तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर लेखी कळवलं की अमुक तारखेला एवढी ठेव आहे आणि तिच्यावर कुठलंही कर्ज उचललेलं नाही, तर हा खरा पुरावा, कारण तो मधल्या कुणाच्या हातातून आलेला नाही. कुठल्या पुराव्याला किती वजन द्यायचं हे कळायला लागलं की विषय कळायला लागला म्हणा.

माझे अकाउंट्स कच्चे आहेत, ऑडिट थिअरी आहे म्हणून जमेल का?

आधी अकाउंट्स पक्के करा. तेरीज कशी जुळते, घसारा कुठं जातो, थकीत कर्जाची तरतूद नफ्यातून का वजा होते हे येत नसेल तर दुसऱ्याचा हिशोब तपासणार कशाच्या जोरावर? पाठ करून पेपर निघेल एखादवेळ, पण क्लायंटचा अकाउंटंट पाच मिनिटांत ओळखतो की समोरच्याला काही कळत नाही, आणि मग तो दाखवेल तेवढंच तुम्हाला दिसतंय.

बी.कॉम.ला ऑडिटिंगचं जेवढं शिकवतात तेवढं पुरतं का?

पाया म्हणून पुरतं. व्हाउचिंग म्हणजे नोंद पावती-बिलाशी ताडून बघणं, व्हेरिफिकेशन म्हणजे मालमत्ता खरंच आहे का ते बघणं, अंतर्गत नियंत्रण, ऑडिटरची नेमणूक आणि अधिकार, रिपोर्ट, एवढं येऊन जातं. पण स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंग म्हणजे ज्याला सगळे एसए म्हणतात, धोका कुठं आहे ते ओळखून कामाचं नियोजन कसं करायचं, वर्किंग पेपर म्हणजे काय तपासलं त्याची टिपणं कशी लिहायची, हे वरवर होतं. ते स्वतः वाचावं लागतंय. सीए इन्स्टिट्यूटचं इंटरमिजिएटचं ऑडिटिंग अँड एथिक्सचं स्टडी मटेरियल त्यांच्या साइटवर फुकट आहे, सीए करायचं नसलं तरी बी.कॉम.च्या पोरांनी ते उतरवून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

एक छोटी गोष्ट, पण तिच्यामुळं गोंधळ होतोय. सांगलीतलं चिंतामणराव कॉमर्स कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं आहे आणि साताऱ्यातलं धनंजयराव गाडगीळ कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आलंय, त्यामुळं सिनिअरच्या किंवा नातेवाइकांच्या नोट्स घेताना त्या कुठल्या विद्यापीठाच्या आणि कुठल्या सालच्या सिलॅबसच्या आहेत ते आधी बघा.

ऑडिट आणि अ‍ॅश्युरन्स वेगळं असतं का?

अ‍ॅश्युरन्स म्हणजे हिशोब वाचणाऱ्याला त्याबद्दल खात्री देणं, ऑडिट हा त्याचाच एक प्रकार. ऑडिटमध्ये खात्री वाजवी असते, म्हणजे उंच पण शंभर टक्के नाही, आणि मत होकारार्थी मांडतात की हिशोब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात. दुसरा प्रकार रिव्ह्यू, त्यात काम कमी असतं, मुख्यतः विचारपूस आणि आकड्यांची तुलना, म्हणून खात्रीही मर्यादित, आणि भाषा अशी येते की हिशोब चुकीचे आहेत असं वाटायला लावणारं काही आमच्या नजरेस आलं नाही. शंभर टक्के का नाही म्हणून पोरं अडून बसतात. कारण आपण नमुना तपासतो, अंदाजावर आधारलेले आकडे असतात, आणि चार माणसांनी मिळून खोटी कागदपत्रं केली तर ती खरी दिसायलाच केलेली असतात.

विलायतेतले शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे खटले कशाला पाठ करायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे.

1896 चा किंग्स्टन कॉटन मिलचा खटला सगळ्या पुस्तकांत आहे. मिलच्या मॅनेजरनं शिल्लक मालाचा आकडा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला, ऑडिटरनी त्याच्याच दाखल्यावर भरवसा ठेवला, माल मोजला नाही. कोर्टानं ऑडिटरला जबाबदार धरलं नाही, ऑडिटर राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे असं ते प्रसिद्ध वाक्य तिथलंच. पोरं ते वाक्य पाठ करतात आणि तिथंच थांबतात, आणि पुढचं कुणी सांगत नाही. 1938 मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषधाच्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, कागदावर दाखवलेला कोट्यवधींचा माल गोदामात कधी नव्हताच. त्यानंतर ऑडिटरनं माल मोजायच्या वेळी स्वतः हजर राहायचं ही पद्धत पक्की झाली, आणि आज आपल्याकडं एसए 501 तेच सांगतं, की शिल्लक माल मोठा असेल तर मोजणीला जा. म्हणजे 1896 चा निकाल आज जशास तसा लावायला गेलात तर तुमचं उत्तर चुकेल.

आता तासगाव. बेदाण्याचा व्यापारी, माल कोल्ड स्टोरेजमध्ये, त्यावर बँकेचं तारण कर्ज. 31 मार्चला पुस्तकात एवढे बॉक्स शिल्लक. तुम्ही काय कराल? कोल्ड स्टोरेजची पावती बघाल, बरोबर. पण पावतीवर लॉट नंबर काय आहे, तोच लॉट दुसऱ्या बँकेकडं पण तारण दाखवलाय का, कोल्ड स्टोरेजवाल्याकडून थेट लेखी खात्री मागवली का, हे पुढचे प्रश्न. आणि आत जाऊन बघा, अंगात स्वेटर घाला कारण आत थंडी मरणाची असते. रॅकची रांग, उंची, रुंदी मोजा. पुढचे बॉक्स दाखवून मागं मोकळं ठेवलेलं असू शकतं म्हणून मागून पण फिरा. चार बॉक्स स्वतः निवडून उघडायला लावा, त्यानं काढून दिलेले नकोत. आत हिरवा चांगला बेदाणा आहे का काळा पडलेला, कारण दोन्हीचा दर वेगळा, आणि मालाची किंमत खरेदी किंवा बाजारात मिळणारी निव्वळ रक्कम यातली जी कमी तीच धरायची असते. मोजणी बरोबर आली तरी किंमत चुकली तर ताळेबंद चुकला.

आणि एक गृहपाठ. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे, तोंड बंद करून वर माती. 2005 च्या पुरात त्यातल्या बऱ्याच पेवांचं नुकसान झालं. पण समजा तुमच्या क्लायंटची हळद अशा बंद पेवात आहे, उघडलं तर मालाला हवा लागणार. मग पुरावा कुठून आणाल? भरतानाची वजनं, हमालीची बिलं, पेववाल्याचं रजिस्टर, आणि मार्चनंतर पेव उघडलं तेव्हा निघालेलं वजन, मागं मागं जाऊन जुळवत. हा प्रश्न मित्रांबरोबर बसून सोडवा, पुराव्याबद्दलचे एसए 500 आणि 501 दोन्ही यातच येऊन जातील.

व्हाउचिंग फार कंटाळवाणं आहे, झोप येते.

कारण कशासाठी बघतोय ते माहीत नसतं. पतसंस्थेतली पिग्मी घ्या. एजंट रोज संध्याकाळी गणपती पेठेतून फिरतो, दुकानदारांकडून शंभर-दोनशे गोळा करतो, दुसऱ्या दिवशी संस्थेत भरणा करतो. संस्थेची पावती, रोजकीर्द, खतावणी, सगळं एकमेकांशी जुळतंय, तुम्ही टिका मारल्या, झालं. पण एजंटनं शंभर घेऊन साठच भरले असतील तर ते संस्थेच्या दप्तरात कुठंच दिसणार नाही, कारण दप्तरात साठच आलेत! ते दिसणार फक्त दुकानदाराच्या कार्डावर किंवा त्याच्या हातातल्या पावतीवर. म्हणून यादीतून खातेदार तुम्ही निवडायचे, एजंटला बरोबर न घेता जायचं, कार्डावरची शिल्लक आणि संस्थेची शिल्लक शेजारी शेजारी मांडायची. एजंट म्हणेल मीच कार्ड गोळा करून आणून देतो, उगीच तुम्हाला त्रास कशाला. फार गोड बोलून म्हणेल. नको म्हणायचं.

रोख शिल्लक तपासायची ती पण सकाळी संस्था उघडायच्या वेळेला, आधी न कळवता, कॅशिअरच्या समोर, आणि सगळ्या पेट्या एकदम. एक मोजून झाली आणि दुसरी दुपारी मोजू म्हणालात तर त्याच नोटा दोनदा मोजल्या जातील. मोजून झालं की नोटांच्या तपशिलावर त्याची सही घ्या आणि रक्कम परत त्याच्या ताब्यात दिल्याचं पण लिहून घ्या, हे स्वतःसाठी.

ऑडिट असूनही पतसंस्था बुडतात, मग ऑडिटचा उपयोग काय?

हा राग खरा आहे आणि आपल्या भागात तो घराघरात आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. निवृत्त शिक्षकाची सगळी पुंजी तिथं असते. त्यामुळं ऑडिट शिकणाऱ्यानं हा प्रश्न पुस्तकी उत्तर देऊन टोलवू नये.

पुस्तकातलं उत्तर असं की घोटाळा होऊ न देणं ही पहिली जबाबदारी संचालकांची आणि व्यवस्थापनाची, ऑडिटरनं हिशोबात मोठी चूक नाही, मग ती चुकून असो वा मुद्दाम, याची वाजवी खात्री करून घ्यायची, एसए 240 मध्ये हेच आहे. बरोबरच आहे ते. पण त्याच एसए मध्ये संशयी नजर कायम ठेवा असंही म्हटलंय, माणूस कितीही प्रामाणिक वाटला तरी. आणि सहकार कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 मध्ये, ऑडिटरला नुसतं मत देऊन मोकळं व्हायची सोय नाही, अपहार दिसला तर निबंधकांकडं विशेष अहवाल द्यावा लागतो. कलम 82 खाली दोषदुरुस्ती अहवाल संस्थेनं द्यायचा असतो. जुने अहवाल मिळाले तर बघा, तोच दोष दरवर्षी लिहिलेला आणि दरवर्षी दुरुस्ती बाकी असं दिसलं तर धोका तिथंच आहे असं समजा. 2019 ला मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेचं प्रकरण उघड झालं, तिथं एकाच समूहाला दिलेली प्रचंड कर्जं खोट्या खात्यांआड लपवली होती. म्हणून कर्जखात्यांचा नमुना निवडताना आकडेच बघू नका, जामीनदार कोण, पत्ता एकच आहे का, जुनं थकीत खातं मिटवायला मार्चमध्ये नवं कर्ज दिलंय का, हे बघा.

ऑडिट रिपोर्टमधली मतं, म्हणजे क्वालिफाइड, अ‍ॅडव्हर्स, डिस्क्लेमर, यात कायम गोंधळ होतो.

2019 चा महापूर डोळ्यासमोर आणा. समजा एका व्यापाऱ्याचं पूर्ण दुकान, कॉम्प्युटर, फायली सगळं पाण्यात गेलं, बॅकअप नाही. तुम्हाला पुरावाच मिळत नाही आणि परिणाम सगळ्या हिशोबावर आहे, तर मत देता येत नाही, डिस्क्लेमर. एकाच गोदामाचा स्टॉक तपासता आला नाही, बाकी सगळं ठीक, तर तेवढ्यापुरता अपवाद करून मत, क्वालिफाइड. पुरावा भरपूर मिळाला आणि त्यावरूनच कळलं की भिजून वाया गेलेला माल चांगला म्हणून दाखवलाय आणि त्यामुळं अख्खा ताळेबंदच दिशाभूल करतोय, तर अ‍ॅडव्हर्स. आणि माल योग्य दाखवला, विम्याचा दावा अजून लटकलाय हे टिपेत व्यवस्थित सांगितलंय, तर मत स्वच्छच राहतं, फक्त वाचणाऱ्याचं लक्ष त्या टिपेकडं वेधायचं, त्याला एम्फसिस ऑफ मॅटर म्हणतात.

सहकारी संस्थांना अ, ब, क, ड असा जो ऑडिट वर्ग मिळतो तो वेगळा, याच्यात मिसळू नका.

सीए करू का जीडीसीए?

दोन्हीची तुलनाच करू नका, घरची परिस्थिती आणि किती वर्षं द्यायची तयारी आहे ते बघा. सीएच्या 2023 पासूनच्या नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली करायची उमेदवारी, दोन वर्षांची झाली, इंटरचे सहा पेपर, फायनलचे सहा. बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येतं, नाहीतर कॉमर्सच्या पदवीला 55 टक्के असतील तर थेट इंटरला. कंपन्यांचं वैधानिक ऑडिट फक्त सीएच करू शकतो.

जीडीसीए ही सहकार खात्याची पदविका, कुठलाही पदवीधर बसू शकतो, सहा पेपर, आणि त्यातले सहकार कायदा, सहकाराचा इतिहास आणि व्यवस्थापन, बँकिंग आणि पतसंस्था हे आपल्या जिल्ह्यांत रोजच्या कामाचे. पास झालात म्हणून लगेच सह्या करता येत नाहीत, संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं, मग सहकारी संस्थांच्या ऑडिटरांच्या पॅनेलवर नाव. आणि एकच ऑडिटर एका संस्थेला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमता येत नाही, त्यामुळं काम फिरतं राहतं, नव्या माणसाला संधी मिळते. नोकरी सांभाळून किंवा शेती बघत बघत जीडीसीए करून उत्तम ऑडिट करणारी माणसं कमी नाहीत, तिला दुय्यम समजणाऱ्यांचं ऐकू नका.

आर्टिकलशिप पुण्यात करू का इथंच?

पुण्यात मोठ्या कंपन्यांचं काम दिसतं, पण एका माणसाला वर्षभर एकच भाग मिळतो असं पण होतं, वर खोलीचं भाडं आणि मेस. इथल्या एका चांगल्या ऑफिसात पतसंस्था, साखर कारखाना, शाळेचा ट्रस्ट, अडत दुकान, एप्रिलमध्ये बँकेच्या शाखा, हे सगळं दोन वर्षांत हाताखालून जातं. मी तरी इथलं निवडा म्हणेन, पण एका अटीवर. जॉइन व्हायच्या आधी विचारा की ऑडिटला किती दिवस बाहेर पाठवणार आणि वर्किंग पेपर कोण तपासणार. नुसतं जीएसटी आणि रिटर्न भरायला बसवणारं ऑफिस असेल तर ते घराशेजारी असलं तरी नको. सांगलीत आणि साताऱ्यात दोन्हीकडं इन्स्टिट्यूटची शाखा आहे, तिथं जाऊन चौकशी करा, सिनिअर आर्टिकल्सना भेटा, ते खरं सांगतात.

मुलगी आहे, घरचे म्हणतात ऑडिटला बाहेरगावी जायला लागतं, नको.

जायला लागतं हे खरं आहे, एप्रिलमध्ये शाखेच्या ऑडिटला उशीर पण होतो. पण त्यावर उपाय बाहेर न जाणं हा नाही. ऑफिसात थेट विचारा की मुक्कामाच्या कामाला टीममध्ये अजून कोण असतं, राहायची सोय कोण करतं, उशीर झाला तर घरी सोडायची जबाबदारी कुणाची. चांगल्या ऑफिसात याची उत्तरं तयार असतात. आई-वडिलांना एकदा सरांना किंवा मॅडमना भेटवा, निम्मी काळजी तिथंच कमी होते. आणि पोरांना फिल्डवर पाठवून तुम्हाला आत डेटा एंट्रीला बसवत असतील तर गप्प बसू नका, ते शिक्षण तुमचं पण आहे.

मराठी माध्यमातून शिकलोय, अडेल का?

सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत, मराठीत नाही, त्यामुळं रोज थोडं इंग्रजी लिहायची सवय लावा, सोपी वाक्यं चालतात. जीडीसीए मराठीत देता येते. आणि कामावर मराठी ही तुमची ताकद आहे. सहकारी संस्थेचं प्रोसिडिंग बुक मराठीत, तेही हातानं लिहिलेलं, त्यात कुठल्या सभेत कुठलं कर्ज कुणाच्या सूचनेनं मंजूर झालं ते असतं. ऑडिटला गेल्यावर खतावणीच्या आधी ते मागा, कुठं बघायचं ते त्यातूनच कळतं.

सगळं सॉफ्टवेअरवर गेलं, आता ऑडिटर कशाला लागेल?

1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही, आणि ते तसं आहे का हे ऑडिटरलाच रिपोर्टमध्ये सांगावं लागतं. म्हणजे काम वाढलंच. एक्सेल चांगलं शिका, पिव्होट, फिल्टर, दुहेरी बिलं शोधणं. पूर्वी पन्नास बिलं बघायचो तिथं आता सगळी यादी चाळता येते आणि राहिलेला वेळ गोदामात घालवता येतो.

सरकारी नोकरी मिळते का यात?

मिळते. सहकार खात्याचं लेखापरीक्षण, स्थानिक निधी लेखापरीक्षा, कॅगच्या कार्यालयातली पदं, ही सगळी भरती परीक्षांतून होते. जाहिरातीतली पात्रता नीट वाचा, ती पदागणिक बदलते.

पेपरला लिहायचं कसं, सगळं येऊन पण मार्क पडत नाहीत.

प्रश्नातली गोष्ट वाचून आधी ठरवा की इथं अडचण नेमकी काय आहे. मग स्टँडर्ड किंवा कायदा काय म्हणतो ते दोन-तीन ओळीत, मग तो या गोष्टीला लावून दाखवा, मग निष्कर्ष. पोरं मधली पायरी गाळतात, स्टँडर्ड पानभर लिहितात आणि प्रश्नातल्या कंपनीचं नावसुद्धा उत्तरात येत नाही. एसएचा नंबर नक्की आठवत नसेल तर तो लिहू नका, विषय लिहा, चुकीचा नंबर जास्त डोळ्यात येतो. सीएला प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला एकूण 50 टक्के लागतात आणि 30 टक्के प्रश्न बहुपर्यायी असतात, तेव्हा बारकावे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. सुरुवात 200, 240, 315, 500, 501, 505, 570 आणि 705 पासून करा, बाकीचे यांच्या आधारानं समजतात. सरावाला रिव्हिजन पेपर आणि मॉक टेस्ट इन्स्टिट्यूट स्वतःच साइटवर टाकते, ते सोडवून कुणाकडून तरी तपासून घ्या.